इची, नी, सान : आपल्या मैदानावरच्या एका शिबिराचा इतिहास

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा पहिलेच वाक्य होते, "तू इतिहास शिकवतोस, तर काहीतरी इतिहासाचं लिही." शाळेच्या स्थापनेवर, इमारतीवर आणि आपल्या गुरुजनांवर लिहिणारे माझ्यापेक्षा अधिकारी लोक या अंकात आहेत. म्हणून मी एक लहानसा विषय घेतला आहे. आपण नववीत असताना, डिसेंबर १९८७ मध्ये, शाळेच्या मैदानावर शनिवार-रविवार असे दोन दिवस कराटेचे शिबिर झाले होते. त्या दोन दिवसांत आपण जे केले ते मुळात कुठून आले, हे मला कळायला वीस वर्षे लागली. ते कळल्यावर आपल्यापैकी एकाची माफी मागायची राहिली आहे, हेही कळले. दोन्ही गोष्टी येथे एकत्र लिहितो, कारण त्या वेगळ्या करता येत नाहीत.

आधी शिबिराची आठवण. फुलंब्री तेव्हा तालुका झाले नव्हते. अजिंठा-जळगाव रस्त्यावरचे एक मोठे गाव, एवढीच आपली ओळख. त्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता, तरी डिसेंबरात कापसाच्या गाड्या रस्त्याने जात होत्या आणि मैदानाच्या कुंपणाला कापसाचे पुंजके अडकलेले असत. मिथुन चक्रवर्तीचा 'कराटे' १९८३ साली येऊन गेला होता. आपल्याकडे भाड्याच्या व्हिडिओवर तो चार वर्षांनीही नवाच होता. त्यामुळे औरंगाबादच्या एका क्लबचे सर दोन दिवस कराटे शिकवायला येणार म्हटल्यावर चाळीसेक पोरांनी नावे दिली. मुलीही होत्या, तिघी. सर शनिवारी दुपारच्या एसटीने चौक्याच्या घाटातून आले, चहा घेतला आणि मैदानावर फक्कीने सरळ रेघा मारायला सांगितल्या. आपल्याला वाटले, कबड्डीचे मैदान आखायचे आहे. त्या रेघा रांगांसाठी होत्या.

पुढचे तुम्हाला आठवत असेल. पहिला अर्धा तास फक्त मूठ वळणे. करंगळीकडून बोटे मिटायची आणि अंगठा बाहेरून दाबून बसवायचा. मग जागेवर उभे राहून सरळ ठोसा. एक हात पुढे जातो तेव्हा दुसरा तितक्याच जोराने कमरेशी मागे यायला हवा, आणि मूठ शेवटच्या क्षणी वळायला हवी. सर जपानीत मोजत होते. इची, नी, सान म्हणेपर्यंत सगळे ठीक चालले होते. चौथा आकडा 'शी' आला आणि आख्खी रांग हसली. पाचवा 'गो' आला तेव्हा समोरचे दोघे खरोखरच पळत सुटले. सर रागावले नाहीत. ते पुन्हा एकपासून सुरू झाले. त्या दुपारी आपण तो एक ठोसा किती वेळा मारला याची मोजदाद नाही. संध्याकाळी ताटातला घास उचलताना खांदा भरून आला होता, एवढे मला आठवते.

रविवारी पवित्रा. पुढचा पाय गुडघ्यात वाकलेला, मागचा सरळ, दोन्ही पायांत खांद्याएवढी रुंदी आणि मागची टाच जमिनीला चिकटलेली. याला झेनकुत्सु-दाची म्हणतात. त्या पवित्र्यात एक पाऊल, एक ठोसा. फक्कीच्या एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. मग खालचा अडवा, वरचा अडवा, समोरची लाथ. पुन्हा तेच. दुपारच्या सुट्टीत कडुलिंबाखाली डबे उघडले तेव्हा सगळ्यांची एकच तक्रार होती. कुणीतरी म्हणालेही, "दोन दिवसांपासून नुस्ती कवायतच करू राह्यलो आपण. फायटिंग कधी शिकवतेत हे?"

'कवायत' हा शब्द तेव्हा वैतागाने आला होता. इतिहासाच्या दृष्टीने तो अगदी बरोबर होता, हे मला पुढे कळले.

त्याच सुट्टीत सरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली बोधिधर्माची. भारतातून एक भिक्षू चीनला गेला, शाओलिनच्या मठात त्याने व्यायाम शिकवला, तीच विद्या पुढे जपानला पोचली, म्हणजे कराटे मूळचे आपलेच. अजिंठ्याच्या रस्त्यावरच्या गावाला ही गोष्ट आवडणारच होती. दुसरी गोष्ट ओकिनावा बेटाची. तिथल्या शेतकऱ्यांची शस्त्रे राज्यकर्त्यांनी काढून घेतली, म्हणून त्या गरीब शेतकऱ्यांनी रिकाम्या हातांनी लढायची विद्या शोधली. दोन्ही गोष्टी मी कितीतरी वर्षे वर्गात सांगत होतो. मग एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे कुठे लिहिलंय?" आणि मी वाचायला बसलो.

बोधिधर्म आणि शाओलिनचा व्यायाम यांची सांगड सतराव्या शतकातल्या एका चिनी ग्रंथापासून पुढे येते. बोधिधर्माचा काळ त्याच्या हजारेक वर्षे आधीचा. ती श्रद्धेची गोष्ट आहे, इतिहासाचा पुरावा तिच्यामागे नाही. शेतकऱ्यांच्या गोष्टीचेही तसेच. ओकिनावा हे तेव्हा र्‍युक्यू नावाचे स्वतंत्र राज्य होते. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी ते जिंकून मांडलिक केले आणि १८७९ मध्ये ते जपानचा एक प्रांत झाले. या काळात हातापायांची ही विद्या ज्यांच्याकडे होती त्यांची नावे पाहिली तर ती बहुतेक दरबारातल्या माणसांची निघतात. मात्सुमुरा सोकोन हे राजाच्या अंगरक्षकांत होते. इतोसु आंको राजाच्या दरबारात लेखनिक होते. आझातो आंको हे घरंदाज सरदार. म्हणजे गरिबांनी शोधलेली विद्या म्हणून आपण जिचे कौतुक केले, ती निदान या शुरी शहराच्या परंपरेत तरी वाड्यांच्या आत राहणाऱ्यांची होती.

ती शिकायची पद्धतही तशीच होती. पुढे ज्यांनी कराटे तोक्योला नेले ते फुनाकोशी गिचिन यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. ते रात्री कंदील घेऊन आझातोंच्या घरी जात. अंगणात एकच काता, म्हणजे हालचालींचा एक ठरलेला क्रम, पुन्हा पुन्हा करत. गुरू बसून बघत आणि बहुधा एवढेच म्हणत, पुन्हा कर. एकच काता महिनोन्‌महिने चाले. पहाटे घरी परतणाऱ्या या तरुणाकडे बघून शेजारीपाजारी भलतेच तर्क करत, कारण तो कुठून येतोय हे कुणाला सांगायचे नसे. त्या अंगणात रांगा नव्हत्या आणि आकडेही नव्हते. एक गुरू आणि एकदोन शिष्य, तेही ओळखीपाळखीतून आलेले. आपल्यासारख्या चाळीस पोरांना तिथे कुणी आत घेतले नसते.

दार उघडले ते १९०१ साली, आणि ते एका शाळेत उघडले. इतोसु आंको तेव्हा सत्तरीत होते. राजा गेला होता, दरबार गेला होता, लेखनिकाचे काम गेले होते. ओकिनावाच्या तरुणांना जपानी सैन्यात भरती करू लागल्यावर वैद्यकीय तपासणीत काहींची शरीरे इतरांपेक्षा वेगळी, घडलेली दिसली, आणि ती ही विद्या शिकलेल्यांची होती, असे सांगतात. त्यातून अधिकाऱ्यांचे लक्ष तिकडे गेले. १९०१ मध्ये शुरीच्या प्राथमिक शाळेत इतोसुंनी ती शिकवायला सुरुवात केली आणि १९०५ पासून ते माध्यमिक शाळेतही शिकवू लागले.

आता एका शिक्षकाच्या नजरेने बघा. अंगणात एका शिष्याला शिकवणारा म्हातारा एकदम मुलांनी भरलेल्या वर्गासमोर उभा राहिला. प्रत्येकाला रात्रभर वेळ देणे शक्य नाही. मुले लहान, त्यांना मान मोडायचे किंवा डोळा फोडायचे डाव देता येत नाहीत. मग काय करायचे? इतोसुंनी जुने अवघड काता बाजूला ठेवून मुलांसाठी पाच सोपे काता बसवले. त्यांना 'पिनान' म्हणतात. एकेक हालचाल सुटी केली. ठोसा वेगळा, अडवा वेगळा, पाऊल वेगळे. अशा सुट्या केलेल्या हालचाली रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या मुलांना एकाच आकड्यावर करता येतात. जपानी शाळांत १८८० च्या दशकापासून शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांनी लष्करी कवायत आणलेली होतीच. रांग, हुकूम, आकडा हे सगळे त्या शाळांच्या अंगवळणी पडलेले होते. इतोसुंचे शिष्य याबु केंत्सू हे सैन्यात सार्जंट होते आणि परतल्यावर शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयात शिकवत. सैन्यातली शिस्त त्यांनीही या वर्गांत आणली. कराटेत ज्याला 'किहोन', म्हणजे पाया, म्हणतात तो रांगेत आकड्यांवर करण्याची रीत या शाळांच्या मैदानांवर घडली.

म्हणजे कडुलिंबाखाली आपण केलेली तक्रार खरी होती. ती कवायतच होती. एका म्हाताऱ्या शिक्षकाने शाळकरी मुलांसाठी बसवलेली कवायत.

१९०८ मध्ये इतोसुंनी दहा मुद्द्यांचे एक टिपण लिहिले. ही विद्या साऱ्या शाळांमधून शिकवावी, असा त्याचा हेतू. त्यात चमत्कार काहीच नाहीत. रोज एक-दोन तास सराव केला तर तीन-चार वर्षांत शरीर वेगळे दिसू लागेल, असे ते सांगतात. पेंढा गुंडाळलेल्या खांबावर, म्हणजे माकिवारावर, एकेका हाताने शंभर-दोनशे ठोसे मारावेत, असे सांगतात. खांदे खाली, पाठ सरळ, पाय जमिनीत रोवलेले. मी ते टिपण पहिल्यांदा वाचले तेव्हा हसू आले, कारण त्या रविवारी आपल्या सरांनी मैदानावर जे जे ओरडून सांगितले होते तेच त्यात होते.

शाळेत आल्यामुळे काही हरवलेही, हे इतिहास शिकवणाऱ्याने लपवू नये. एखादा अडवा प्रत्यक्षात कशासाठी आहे, कुणाचा हात धरल्यावर ती हालचाल कशी वापरायची, हे मुलांना सांगितले जात नव्हते. हालचाल राहिली आणि तिचा अर्थ मागे पडला. आजही कराटेतले जाणते लोक जुन्या कातांतून ते अर्थ शोधत बसतात. पण त्या बदल्यात जे मिळाले ते मला मोठे वाटते. शाळेच्या पटावर नाव असलेला कुणाचाही पोरगा त्या रांगेत उभा राहू शकत होता.

कराटेच्या इतिहासात शिक्षक जागोजागी भेटतात. फुनाकोशी स्वतः ओकिनावात तीस वर्षांहून अधिक काळ शाळामास्तर होते. मे १९२२ मध्ये तोक्योत शिक्षण खात्याच्या क्रीडा प्रदर्शनात त्यांनी कराटेची प्रात्यक्षिके दाखवली. ते पाहण्यात आल्यावर ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी त्यांना आपल्या कोदोकान संस्थेत बोलावले. कानो हेही शिक्षक, तोक्योच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले. फुनाकोशी मग तोक्योतच राहिले. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात कराटेचा पहिला विद्यापीठीय गट सुरू झाला. पिनान कातांना त्यांनी 'हेइआन' असे नाव दिले. शिबिराच्या शेवटच्या तासात सरांनी ज्याचा निम्मा भाग शिकवला तो 'हेइआन शोदान' तोच. शुरीच्या शाळकरी मुलांसाठी बसवलेला काता तोक्योमार्गे फुलंब्रीच्या शाळकरी मुलांपर्यंत आला होता.

'कराटे' हे नावही तेव्हा अजून ठरत होते. जुन्या लिहिण्यात त्याचा अर्थ 'चिनी हात' असा होई. उच्चार तोच ठेवून 'रिकामा हात' असा अर्थ देणारी अक्षरे १९०५ मध्ये हानाशिरो चोमो यांनी वापरली आणि २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा शहरात जमलेल्या ओकिनावाच्या गुरूंनी ती मान्य केली.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सगळे वाचत गेलो तिथे येतो. पांढरा ड्रेस आणि पट्टा.

ओकिनावाच्या जुन्या अंगणांत कराटेचा गणवेश नव्हता. जुनी छायाचित्रे बघितली तर माकिवारासमोर उघड्या अंगाने, कमरेला नुसते वस्त्र गुंडाळलेली माणसे दिसतात. पट्टा नव्हता, श्रेणी नव्हती. पांढरा जाड ड्रेस आणि काळा पट्टा हे कानोंच्या ज्युदोतून आले. ज्युदोत एकमेकांचे कपडे धरून फेकायचे असते, म्हणून तिथे जाड कापड लागते. 'दान' ही श्रेणी कानोंनी १८८३ मध्ये सुरू केली आणि काळा पट्टा त्यानंतर आला. तोक्योत ही विद्या लोकांसमोर मांडताना फुनाकोशींनी ज्युदोच्या धर्तीवरचा ड्रेस घेतला आणि एप्रिल १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना पहिल्यांदा काळे पट्टे दिले. पिवळा, नारिंगी, हिरवा ही रंगांची चढण तर आणखी नंतरची. म्हणजे आपल्या शिबिराच्या वेळी ज्या पांढऱ्या ड्रेसला आपण कराटे समजत होतो, त्याचे कराटेतले वय जेमतेम ६५ वर्षे होते. माझ्या आजोबांपेक्षा तो लहान होता.

हे त्या दिवशी मला माहीत असते तर मी जे बोललो ते बोललो नसतो, असे म्हणावेसे वाटते. पण ते खरे नाही. मी अज्ञानातून बोललो नव्हतो.

माझ्याकडे ड्रेस होता. आईने मांजरपाट आणून शिंप्याकडून शिवून घेतला होता. ड्रेसवाले आठ-दहा जण पुढच्या रांगेत आणि बाकीचे मागे, असे आपोआप झाले होते. मागच्या रांगेत तो होता, खाकी हाफपँट आणि बनियनवर. त्याच्या घरची परिस्थिती आपल्या सगळ्यांना माहीत होती. एक ड्रेस म्हणजे त्याच्या आईच्या कित्येक दिवसांच्या मजुरीचे पैसे, आणि त्या दुष्काळी वर्षात मजुरीही रोज मिळत नव्हती. रविवारी सकाळी सर रांगांमधून फिरत होते. माझ्यापाशी थांबून त्यांनी काठीने माझी मागची टाच दाखवली. ती दर पावलाला उचलत होती. तिसऱ्यांदा सांगूनही ती उचललीच. मग ते मागच्या रांगेत गेले आणि त्याला हात धरून पुढे आणले. "या मुलाची टाच बघा," ते म्हणाले, "रोवल्यासारखी आहे." त्याला सगळ्यांसमोर पाच पावले करायला लावली. पाचही वेळा त्याची टाच हलली नाही. शाळा सुटल्यावर बैलांच्या मागे वखरावर उभा राहणारा पोरगा तो. तोल कुठे ठेवायचा हे त्याच्या पायांना आधीच माहीत होते.

सर पाणी प्यायला गेले आणि मी म्हणालो, "कराटे काय चड्डी-बनेनवर राहते का? हा काय कुस्तीचा आखाडा हाये?" मी वर्गाचा मॉनिटर होतो, म्हणून सगळे हसले. तोही थोडा हसला. दुपारच्या सुट्टीत तो घरी गेला आणि परत आला नाही. पुढे क्लबने काही महिने दर रविवारी वर्ग घेतला, त्यातही तो आला नाही. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. बोलणे होत असे, पण पूर्वीसारखे नाही. मी पुढे शिकायला औरंगाबादला गेलो, तो गावातच राहिला.

ते वाक्य मी का बोललो, हे मला तेव्हाही माहीत होते. त्याची टाच माझ्यापेक्षा चांगली होती.

आणि 'कुस्तीचा आखाडा' हा शब्द मी हिणवण्यासाठी वापरला, हेही इतिहासाच्या शिक्षकाला आज बोचते. आपल्या आखाड्यात लंगोटावर उतरलेला पैलवान आधी काय करतो? जोर आणि बैठका. शेकड्याने. वस्ताद नवीन पोराला पहिले कित्येक दिवस डाव शिकवतच नाही, माती उकरायला लावतो. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे आपले देशी खेळ दाखवले. त्याच वर्षी नाहात ते गुरू नावावर चर्चा करत बसले होते. अंगणातला किंवा मातीतला व्यायाम जगासमोर कसा न्यायचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता. जपानी विद्या भारतात यायलाही सुरुवात झाली होती. १९२९ मध्ये रवींद्रनाथांनी ताकागाकी शिंझो या ज्युदो शिक्षकाला शांतिनिकेतनात बोलावले होते.

कराटे आपल्याकडे आले ते मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिक जपानमध्ये आणि ओकिनावात ते शिकले, जपानी शिक्षक जगभर जाऊ लागले, आणि मुंबईत पर्वेज मिस्त्री यांच्यासारख्यांनी ते रुजवले. १९७३ मध्ये ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' आला. त्यातली विद्या कराटे नव्हती, तरी भारतभर कराटेच्या वर्गांना गर्दी झाली ती त्यानंतरच. मुंबई-पुण्याहून जिल्ह्याच्या गावी आणि तिथून शनिवारच्या एसटीने फुलंब्रीला, असा तो शेवटचा टप्पा.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीच्या क्लबने छत्रपती संभाजीनगरात दोन दिवसांचे शिबिर घेतले. विषय एकच, पाया. पालकांनीही उभे राहायला हरकत नाही म्हणाले, म्हणून मी पन्नाशी उलटल्यावर मागच्या रांगेत उभा राहिलो, साध्या पायजम्यावर. शिकवणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने पहिला एक तास फक्त सरळ ठोसा घेतला. माझ्यापाशी येऊन म्हणाली, "काका, टाच." मी टाच टेकवली. पुढच्या पावलाला ती पुन्हा उचलली. तिने कारण सांगितले, जे १९८७ मध्ये मी ऐकले नसावे. ठोसा हातातून निघत नाही. मागची टाच जमीन ढकलते, ते बळ सरळ पायातून कमरेत येते, कंबर वळते आणि हात फक्त ते पुढे पोचवतो. टाच उचलली की तळाशीच गळती होते, मग हात कितीही जोरात मारा. दोन दिवसांत मला एवढे साधले, की दहापैकी चार वेळा टाच राहिली. त्या चार वेळा ठोशाचा आवाजही वेगळा आला, बाहीच्या कापडाचा. मुलीने मागे वळून पाहिले.

मी घरी आलो आणि मला त्याची पाच पावले आठवली. पहिल्याच दिवशी, कुणी कारण न सांगता, त्याला ते येत होते. तो राहिला असता तर कुठे पोचला असता, हे लिहिण्यात अर्थ नाही. तोक्यो ऑलिम्पिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, काता प्रकारात पुरुषांचे सुवर्णपदक ओकिनावाच्या र्‍यो कियुना यांना मिळाले. पदक घेताना त्यांच्या हातात दिवंगत आईचा फोटो होता. तो प्रसंग दूरचित्रवाणीवर पाहताना मला आपले मैदान आठवले होते, पण विचार पदकाचा नव्हता. इतोसुंनी अंगणातून शाळेत आणलेली गोष्ट, ड्रेस आणि पट्ट्याशिवायची, आपल्या मागच्या रांगेपर्यंत पोचली होती. ज्याच्यापर्यंत ती सगळ्यात नीट पोचली त्याला मी एका वाक्याने बाहेर काढले.

त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. तुमच्यापैकी जे त्या दिवशी हसले त्यांना ते आठवेल आणि त्याला तर आठवेलच. त्याचे शेत आता आल्याचे आहे आणि मुलगी इंजिनिअर झाली आहे, असे ग्रुपवर वाचले. स्नेहमेळाव्याला येणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव आहे.

मित्रा, त्या रविवारी मी जे बोललो त्याबद्दल माफ कर. समोरासमोरही म्हणेन, पण आधी लिहून ठेवतो, कारण सगळ्यांसमोर बोललो होतो, तर माफीही सगळ्यांसमोर हवी.

आणि एक विनंती. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, ज्यांचे गुडघे परवानगी देतात त्यांनी अर्धा तास मैदानावर यावे. फक्की मी आणतो. रांगा आपण स्वतःच आखू. ड्रेसची गरज नाही, मी बनियनवरच येणार आहे. फक्त सरळ ठोसा आणि झेनकुत्सु-दाची, या रेघेपासून त्या रेघेपर्यंत. 'शी' आल्यावर हसायला हरकत नाही.

मी मागच्या रांगेत उभा असेन. तू पुढे ये आणि आकडे तू मोज.